मामा मिगमध्ये होता

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला एक रिटायरमेंट झाली. आपल्या ऑफिसात होते तशीच. भाषणं झाली, फोटो झाले, जुने सहकारी गळ्यात पडले, साहेब जातीने हजर. फरक एवढाच, की सत्कारमूर्तीची सर्व्हिस ६२ वर्षांची होती आणि शेवटच्या दिवशीही त्याला सुट्टी नव्हती. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग ‘बादल ३’ या कॉलसाइनने स्वतः ते उडवायला बसले. खाली उतरल्यावर पाण्याच्या फवाऱ्यांची कमान करून सलामी दिली गेली आणि मिग-२१ नावाचं प्रकरण मिटलं.

६२ वर्षं! आपल्यातल्या बहुतेकांचा लॅपटॉप चार वर्षांत दम तोडतो.

त्यानंतरच्या सोमवारी आंबिवलीला लोकलमध्ये चढले. कसाऱ्याहून येणारी गाडी, त्यामुळे सीटचा प्रश्नच नाही. समोर दोघी जणी एकाच मोबाइलवर त्या निरोप समारंभाचं रील बघत होत्या. ‘सुटलो बाई एकदाचे, उडती शवपेटीच होती ती,’ एक म्हणाली. दुसरीने ‘रंग दे बसंती’ची आठवण काढली. शहाड येईपर्यंत मिग-२१ चा निकाल लागला होता. कल्याणला विषय सेलवर गेला.

मी काही बोलले नाही. पण मला ते लागलं, कारण माझा मामा मिगमध्ये होता.

मिगमध्ये म्हणजे विमानात नव्हे हो! नाशिककडचे लोक ‘मिगमध्ये आहे’ म्हणतात ते ओझरच्या कारखान्याला. हिंदुस्तान एरोनॉटिक्स हे नाव बोलताना कोण घेणार? वसाहतीचं नावसुद्धा लोकांच्या तोंडी ‘ओझर मिग’ असंच. जावई मिगमध्ये आहे म्हटलं की मुलीकडचे निर्धास्त! क्वार्टर, कॅन्टीन, शाळा, दवाखाना, सगळं आलं त्यात. आयटीआय करून मामा तिथे शीट मेटलला लागला आणि तिथूनच रिटायर झाला. मधल्या काळात त्याने नेमकं काय केलं, असं विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, ‘रिव्हेट मारले.’

आता हे विमान ओझरच्या द्राक्षबागांमध्ये आलं कुठून, ते आधी सांगते. आपल्या पिढीला मिग म्हणजे एकतर अपघात, नाहीतर अभिनंदनच्या मिशा, एवढंच माहीत असतं.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळालं. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं, पेन्सिलीसारखं लांबुळकं, दिसायला एकदम हीरो. आपल्याकडे त्या तोडीचं काही नव्हतं. आपणही अमेरिकेकडे विचारणा केली, पण हाती काही लागलं नाही. ब्रिटनचं लायटनिंग समोर होतं. पण सोव्हिएत युनियनने जे देऊ केलं ते बाकी कुणी देत नव्हतं : विमान घ्या आणि तुमच्याच देशात बनवा. ऑगस्ट १९६२ मध्ये करार झाला. दोन महिन्यांत चीनचं युद्ध उभं राहिलं, कृष्ण मेनन गेले आणि नोव्हेंबरमध्ये आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. पुढे विमानाचा सांगाडा बनवायचा कारखाना नाशिकजवळ ओझरला आला, इंजिनाचा ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्सचा हैदराबादला. एकाच विमानाचे तीन कारखाने तीन राज्यांत. ओझर पदरात पडलं ते यशवंतरावांमुळे, हे नाशिकमधला रिक्षावालाही सांगतो.

गंमत म्हणजे पहिली सहा मिग आली ती आपल्या मुंबईत. बोटीने, खोक्यांत भरून! सांताक्रूझच्या विमानतळावर ती जोडली, तिथेच उडवून बघितली आणि एप्रिल १९६३ मध्ये चंडीगडला नेली. तिथे २८ वी स्क्वाड्रन तयार झाली, ‘फर्स्ट सुपरसॉनिक्स’. तिचे पहिले प्रमुख विंग कमांडर दिलबाग सिंग पुढे हवाई दलप्रमुख झाले. आपण कॅबमधून जाताना खिडकीतून ज्या सांताक्रूझकडे बघतसुद्धा नाही, तिथून भारताचा स्वनातीत जमाना सुरू झाला.

विमान म्हणाल तर साधं. म्हणजे त्याची आयडियाच साधी. मिकोयान आणि गुरेविच यांच्या ब्युरोने, म्हणजे ‘मि’ आणि ‘ग’ ने, पन्नासच्या दशकात त्याचा आराखडा केला. त्रिकोणी पंखांचा पहिला नमुना १९५५ मध्ये उडाला आणि १९५९ मध्ये सोव्हिएत हवाई दलात दाखल झाला. काम एकच : खूप उंचावरून शत्रूचं बॉम्बफेकी विमान येताना दिसलं की सुसाट वर जायचं, त्याला पाडायचं आणि पेट्रोल संपायच्या आत घरी यायचं. (पेट्रोल नव्हे, एटीएफ. पण मामाही पेट्रोलच म्हणतो.) त्यामुळे पुढे हवा खेचणारं तोंड, त्या तोंडात एक शंकू, शंकूत रडार, मागे एक दणकट इंजिन आणि मध्ये कसाबसा कोंबलेला माणूस. त्रिकोणी पंखांमुळे रशियन लोक त्याला ‘बालालाइका’ म्हणायचे, त्यांच्याकडच्या तीन तारांच्या त्रिकोणी वाद्यावरून. स्वस्त, दणकट, बनवायला सोपं. जगभरात अकरा हजारांच्या आसपास बनली. आवाजापेक्षा वेगाने उडणारं दुसरं कुठलंही विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही. व्हिएतनाममध्ये याच विमानाने अमेरिकेच्या फँटमना घाम फोडला.

पण त्या साधेपणातच पुढची सगळी भांडणं दडलेली होती. इंधन कमी, म्हणून पल्ला कमी. इंजिन एकच, ते बंद पडलं की खेळ खलास. पंख छोटे, त्यामुळे उतरताना वेग तासाला तीनशे किलोमीटरच्या वर. समुद्रसपाटीपासून वीस किलोमीटर उंचीवर राज्य करायला बनवलेलं विमान धावपट्टीवर येताना मात्र चिडक्या घोड्यासारखं वागायचं.

त्याच्याकडे असलेल्या क्षेपणास्त्राची गोष्ट तर सिनेमात शोभेल. १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर चीनच्या एका मिग-१७ मध्ये अमेरिकन साइडवाइंडर घुसलं आणि फुटलंच नाही! वैमानिक ते तसंच पोटात घेऊन उतरला. ते सोव्हिएत इंजिनिअरांकडे गेलं, त्यांनी उघडून बघितलं आणि त्याच्यावरून के-१३ बनवलं. शुद्ध कॉपी-पेस्ट! आपल्या मिगला हेच मिळालं. दोन क्षेपणास्त्रं, बस. तोफ नाही. क्षेपणास्त्रांच्या जमान्यात समोरासमोर गोळ्या झाडायला कोण जाणार, असा तेव्हाच्या डिझायनर लोकांचा हिशेब होता.

१९६५ च्या युद्धात तो हिशेब चुकला. मुळात आपल्याकडे मूठभर मिग होती. त्यातली दोन पठाणकोटच्या तळावर ६ सप्टेंबरला उभ्या उभ्या जळाली. एका पाकिस्तानी सेबरच्या मागे आपलं मिग लागलं, क्षेपणास्त्रं सोडली, ती चुकली. मग? मग काहीच नाही! एवढं वेगवान विमान हाताशी आणि मारायला साधी बंदूक नाही. त्यानंतर पोटाखाली २३ मिलीमीटरची जोडनळी तोफ टांगायची सोय झाली. वैमानिकांनी आरडाओरडा केला म्हणून झाली. डिझायनरचं प्रेझेंटेशन आणि ग्राउंडवरचा माणूस यांच्यातला हा संवाद आपल्याला नवीन नाही.

मामा लागला तेव्हा ओझरला एफएल जात बनत होती. हवाई दलाच्या भाषेत टाइप ७७. आधी रशियातून आलेले भाग फक्त जोडायचे, मग हळूहळू भाग इथेच करायचे आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून इथेच घडवलेलं पहिलं विमान हवाई दलाला दिलं गेलं. एकूण साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ या देशात बनली. रशियन तज्ज्ञ कुटुंबासकट वसाहतीत राहायचे. ड्रॉइंगवरची अक्षरं रशियन. मामाला आजही ‘खराशो’ आणि ‘स्पासीबा’ येतं आणि शिव्याही येतात, असं मामी म्हणते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मोहन्याहून ओझरला जायचो. कल्याणहून नाशिक रोड, पुढे बस. दुपारी मोठी माणसं लवंडली की टेस्ट फ्लाइट निघायची आणि मामीच्या मांडणीतली भांडी थरथरायची. घरी असला तर मामा घड्याळ बघायचा. बोलायचा काही नाही. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. मग पुन्हा तो आवाज यायचा, यावेळी खाली येणारा, आणि मामा कूस बदलून झोपायचा. मला तेव्हा वाटायचं, त्याची झोपमोड झाली म्हणून तो वैतागतो.

रिव्हेट मारणं म्हणजे काय, हे त्याने मला एकदा चमच्याने दाखवलं होतं. पंखाच्या पत्र्याला भोक, भोकात खिळा. बाहेरून एक जण हवेची गन लावतो, आतल्या बाजूने दुसरा लोखंडी ठोकळा दाबून धरतो आणि दोघांच्या मध्ये खिळ्याचं शेपूट चपटं होतं. आतला माणूस बाहेरच्याला दिसत नाही. फक्त अंदाज, सवय आणि ‘हां, मार’. ठोकळा तिरका झाला तर रिव्हेट तिरका. तिरका रिव्हेट काढायचा, भोक पुन्हा साफ करायचं, इन्स्पेक्टरची सही पुन्हा घ्यायची. एका विमानात असे किती? ‘मोजत बसलो असतो तर काम कधी केलं असतं?’

आणि मग १९७१. मामाच्या हयातीतली सगळ्यात मोठी गोष्ट, जी त्याने पाहिली नाही, फक्त रेडिओवर ऐकली.

पूर्वेकडे मिग-२१ ना जे काम दिलं गेलं ते त्यांच्या बायोडेटात नव्हतंच. उंच उडणाऱ्या विमानांना पाडायला बनवलेलं हे यंत्र, त्याला पाचशे किलोचे बॉम्ब लटकवले आणि ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर पाठवलं. वैमानिकांनी उंचावरून सरळ खाली सूर मारत धावपट्टीवर खड्डे पाडले. पहिल्या काही दिवसांतच धावपट्टीची अशी चाळण झाली, की पाकिस्तानची सेबर विमानं शाबूत असूनही उडेनात. आभाळ पूर्णपणे आपलं!

१४ डिसेंबरचा किस्सा मात्र खासच. ढाक्यात दुपारी बारा वाजता गव्हर्नरच्या हजेरीत महत्त्वाची बैठक आहे, असा संदेश आपल्या लोकांनी पकडला. गुवाहाटीला २८ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख विंग कमांडर बी. के. बिष्णोई यांना हुकूम मिळाला तेव्हा हातात जेमतेम अर्धा तास होता, उड्डाणाचा वेळ धरून. शहराच्या मध्यात, माणसांनी भरलेल्या वस्तीतली एकच इमारत हेरायची. आणि नकाशा कुठला? पर्यटकांसाठीचा! हो, टुरिस्ट मॅप. जीपीएस नाही, सॅटेलाइट फोटो नाही. आपण अंधेरीत नवा कॅफे शोधायला यापेक्षा जास्त तयारी करतो. त्यात निघता निघता टार्गेट बदललं : सर्किट हाऊस नव्हे, गव्हर्नमेंट हाऊस. बिष्णोईंनी उडत्या विमानात गुडघ्यावर नकाशा ठेवून इमारत शोधली. घुमटाची जुनी राजवाड्यासारखी वास्तू, आवारात गाड्या उभ्या. चार मिग, प्रत्येकी ३२ रॉकेटं. १२८ रॉकेटं त्या एका इमारतीवर गेली. मागून आणखी विमानं येत राहिली.

पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर ए. एम. मलिक तळघरातल्या आसऱ्याला गेले. तिथेच त्यांनी एका कागदावर राजीनामा लिहिला आणि मग रेडक्रॉसच्या संरक्षणाखाली असलेल्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात आश्रय घेतला. दोन दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागतीवर सही झाली. युद्ध एका हल्ल्याने संपत नाही, सैन्य आधीच ढाक्याच्या दाराशी होतं, हे खरंच. पण एका अख्ख्या सरकारला बॉलपेनाने राजीनामा लिहायला लावणारी दुसरी हवाई कामगिरी मला तरी आठवत नाही.

‘त्या चारांतलं एखादं आमचं असणार,’ मामा म्हणतो. कशावरून? काही नाही. असणार!

त्याआधी दोन दिवस, १२ डिसेंबरला, कच्छच्या आखातावर आणखी एक हिशेब पुरा झाला होता. जामनगरवर चाल करून आलेल्या स्टारफायटरच्या मागे ४७ व्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी लागले. हेच ते स्टारफायटर, ज्याच्या धाकाने आपण मिग घेतलं होतं. सोनींचं क्षेपणास्त्र चुकलं. पण आता पोटाखाली तोफ होती! स्टारफायटर पडलं. आतले विंग कमांडर मर्विन मिडलकोट ६५ च्या युद्धात सितारा-ए-जुर्रत मिळवलेले नावाजलेले वैमानिक. ते पॅराशूटने समुद्रात उतरले आणि पुन्हा कधीच सापडले नाहीत. इथे टाळ्या वाजवाव्यात की गप्प बसावं, मला ठरवता येत नाही. मामा गप्प बसतो.

इथवरची गोष्ट सांगायला सोपी आहे. पुढची नाही.

मिग-२१ पडू लागली. एक, दोन, दहा नव्हे. मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले : रशियाकडून मिळालेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातात गेली होती. १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर दलांतले आठ जण मेले होते. हे आकडे सगळ्या मिगचे आहेत, फक्त २१ चे नव्हेत. पण त्यात २१ चा वाटा मोठा होता, हे कुणी नाकारत नाही.

ओझरला बातमी यायची ती रेडिओवर किंवा कॅन्टीनमध्ये. मामाचा पहिला प्रश्न असायचा, ‘पोरगा निघाला का बाहेर?’ आणि दुसरा, ‘टाइप कुठला?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आल्यावर तो गप्प व्हायचा. टाइप ७७, टाइप ९६, टाइप ७५... त्यातला कुठला पंख त्याच्या हाताखालून गेलाय, हे त्याला पाठ होतं. मी मोठी झाल्यावर एकदा म्हटलं, ‘मामा, अरे रिव्हेटमुळे थोडंच पडतं विमान?’ तो म्हणाला, ‘तुला माहितीये. मला माहितीये. रात्री दोन वाजता कुणाला माहीत असतं गं?’

मग विमानं पडत का होती? ‘डब्बा होता म्हणून’ हे उत्तर लोकलमध्ये चालतं. खरं उत्तर जास्त चीड आणणारं आहे. आपले नवे वैमानिक किरणसारख्या मवाळ, आवाजापेक्षा खूप कमी वेगाच्या शिकाऊ विमानावर शिकायचे आणि तिथून थेट या चिडक्या घोड्यावर बसायचे. मधली पायरीच नव्हती. म्हणजे ॲक्टिव्हावर शिकवायचं आणि दुसऱ्या दिवशी घोडबंदर रोडवर रेसिंग बाइक द्यायची. मधल्या पायरीसाठी प्रगत प्रशिक्षण विमान हवं, असं ला फोंटेन समितीने १९८२ मध्येच सांगितलं होतं. ब्रिटिश हॉकचा करार कधी झाला? २००४ मध्ये. विमानं दलात रीतसर दाखल कधी झाली? २००८ मध्ये. १९८२ ते २००८, २६ वर्षं! एवढ्या वर्षांत एक मूल जन्माला येऊन, शिकून, मिग-२१ चा वैमानिक होऊन, पडून मरू शकतं. त्यात एकच इंजिन, तळांभोवतीचे पक्षी, सोव्हिएत युनियन कोसळल्यावर स्पेअर पार्टची मारामार, आणि ज्यांनी त्याची जागा घ्यायची ती विमानं कायम ‘येणार, येणार’.

पण चौकशीत बऱ्याचदा एक सोपा शब्द हाताशी असतो : मानवी चूक. ऑफिसात सर्व्हर बसला की शेवटचं बटण दाबणाऱ्या ज्युनिअरचं नाव मेलमध्ये येतं ना, तसंच. फक्त इथे तो ज्युनिअर आपली बाजू मांडायला जिवंत नसतो.

१७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानात सुरतगडजवळ फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं मिग-२१ रात्रीच्या उड्डाणात पडलं. ठपका वैमानिकावर. आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ, जे स्वतः हवाई दलातले निवृत्त अधिकारी, यांना ते पटलं नाही. एका मराठी आईने पत्रं लिहिली, प्रश्न विचारले, मुलाखती दिल्या. नुकसानभरपाई हा तिचा मुद्दाच नव्हता. गेलेल्या मुलाच्या नावावरचा डाग पुसायचा होता आणि पुढच्या मुलांना वाचवायचं होतं. पुढे गाडगीळ दांपत्याने अभिजितच्या नावाने विमानसुरक्षेचं काम उभं केलं. २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ आला तेव्हा थिएटरात रडलेल्या किती जणांना ही गोष्ट माहीत होती? मी स्वतः सिनेमा बघून बाहेर पडले तेव्हा मला डायलॉग पाठ होते, नाव नाही.

त्याआधी, १ ऑगस्ट २००३ ला, संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस वयाच्या ७३ व्या वर्षी अंबाल्याहून मिग-२१ च्या दोन आसनी विमानात बसून उडून आले. विमान सुरक्षित आहे, हे दाखवायला. मुंबई बंद पाडणाऱ्या जॉर्जची हिंमत कुणी काढू नये. पण एका मंत्र्याचं विमान सुखरूप उतरलं म्हणून काय सिद्ध झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आपल्याकडे मॅनेजर एक दिवस कॉल सेंटरच्या नाइट शिफ्टला येऊन बसतो, त्यातलाच प्रकार.

तरीही... आणि या ‘तरीही’साठीच मी लोकलमध्ये अस्वस्थ झाले होते. तरीही ज्यांनी ते उडवलं त्यांनी त्याला शवपेटी म्हटलं नाही. १९९९ ला कारगिलमध्ये स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आपल्या पडलेल्या सहकाऱ्याचा ठावठिकाणा शोधत मिग-२१ मध्येच घिरट्या घालत राहिले आणि परत आले नाहीत. तेव्हा हवाई दलाचे प्रमुख होते आपले अनिल टिपणीस. त्याच वर्षी १० ऑगस्टला पाकिस्तानी नौदलाचं ॲटलांटिक विमान पाडलं तेही नलियाच्या मिग-२१ नेच. पुढे सव्वाशे विमानांना नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं देऊन ‘बायसन’ केलं गेलं. ते कामही मुख्यतः ओझरलाच झालं. २००४ मध्ये ग्वाल्हेरच्या संयुक्त सरावात या म्हाताऱ्याने अमेरिकन एफ-१५ वाल्यांना चकित केलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदी लढाऊ विमान एकटीने उडवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, ती जामनगरला, बायसनमध्येच. आणि २७ फेब्रुवारी २०१९ चे अभिनंदन वर्धमान तर सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी एफ-१६ पाडलं, असं भारत सांगतो. पाकिस्तान नाही म्हणतो. त्यांचं स्वतःचं मिग पडलं, यावर दोघांचं एकमत आहे. पन्नासच्या दशकातल्या आराखड्याचं विमान २०१९ मध्ये त्या भांडणात पुढे पाठवावं लागलं, ही गोष्ट अभिमानाची आहेच. लाजेची पण आहे.

मे २०२३ मध्ये राजस्थानात हनुमानगडजवळ एक मिग-२१ घरावर कोसळलं. वैमानिक वाचला. जमिनीवरच्या तीन बायका गेल्या. त्यांची नावं कुठल्याही निरोपाच्या भाषणात येणार नव्हती, आली नाहीत.

तेव्हा त्या दोघींना काय सांगणार होते मी? की ‘शवपेटी’ म्हटलं की सगळ्यांची सोय होते. विमानावर खापर फुटतं, फायली दाबून बसलेल्यांवर नाही. लोखंडाला राग येत नाही आणि निवडणूकही लढवायची नसते. पण सकाळच्या गर्दीत एवढं कोण ऐकणार? घाटकोपर यायचं होतं अजून.

आमच्या मोहन्यात कारखान्याचा भोंगा होता. २००९ ला तो थांबला, तेव्हा एका अख्ख्या गावाला उद्या सकाळी काय करायचं ते कळेना. ओझरला तसं झालं नाही. मिग-२१ संपलं तर मिग-२७ आलं, ते संपलं तर सुखोई. भाग्यवान गाव. आणि चंडीगडच्या निरोपानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ ला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथेच बनलेलं पहिलं तेजस मार्क वन-ए उडालं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह हजर. नाशिकला मिठाई वाटली म्हणे.

दिवाळीत मामाकडे गेले होते. आता तो शहात्तरचा आहे, कानाने जरा कमी. (त्या गनच्या आवाजाने, असं मामी म्हणते. तो नाही म्हणतो.) मी मोबाइलवर त्याला तेजसचा व्हिडिओ दाखवला. त्याने मोबाइल लांब धरून तीनदा बघितला. पंख कशाचे आहेत, म्हणून विचारलं. मी म्हटलं, बरेचसे कार्बन फायबरचे.

‘म्हणजे रिव्हेट कमी.’

‘हो.’

‘बरं झालं.’ मग जरा थांबून, ‘आणि इंजिन?’

‘अमेरिकेचं, मामा. ते वेळेवर येत नाहीयेत म्हणून तर विमानं रखडलीत.’

‘हं,’ मामा म्हणाला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि मामीला चहा टाकायला सांगितला.